रिट्रीटची चार मिनिटे : संध्याकाळचा टाइमलॅप्स आणि ऑटो एक्स्पोजर



आपल्या छायाचित्रण छंदवर्गाच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन वर्षे एक वाक्य होते : ‘ऑटो म्हणजे आळस.’ ते मी लिहिले होते. या वर्षी ते मीच पुसले. का पुसले आणि पुसल्यावर आपण काय शिकलो, ते मराठी पानाच्या वाचकांना सांगते. या लेखात धडा आहे, आणि थोडी कबुलीही आहे.

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बारावीच्या तुकडीची शेवटची रिट्रीट होती. सूर्यास्ताला बिगूल वाजतो, ध्वज उतरतो आणि जो जिथे असेल तो तिथे सावधान उभा राहतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी बिगूल वाजवणारा कॅडेट बारावीचाच होता. त्याची आई विदर्भातल्या गावाहून येऊ शकणार नव्हती. त्याने मला विचारले, “मॅडम, त्या संध्याकाळचं काही तिला पाठवता येईल का?” मी म्हटले, “काही कशाला? अख्खी संध्याकाळ पाठवू. ऊन असल्यापासून दिवे लागेपर्यंत, अर्ध्या मिनिटात.”

शब्द दिला खरा, पण तो मला पाळता आला नाही.

टाइमलॅप्स म्हणजे काय?

ठरावीक वेळाने एकाच जागेवरून फोटो काढत जायचे आणि ते एकामागून एक भराभर दाखवायचे, म्हणजे तासांची गोष्ट सेकंदांत दिसते. मराठी माणसाला हे तंत्र नवे नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला पैसा हवा होता आणि लोकांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट तयार केला. महिन्याची वाढ पडद्यावर काही क्षणांत झाली आणि भांडवल उभे राहिले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला.

फाळक्यांची एक सोय होती. रोजचे चित्रण साधारण सारख्या उजेडात करणे त्यांच्या हातात होते. आपल्याला संध्याकाळ टिपायची आहे. तिथे उजेड बदलत जाणे हाच विषय असतो.

उजेड किती वेगाने उतरतो?

हा हिशेब आधी करू, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. भर दुपारी मोकळ्या मैदानावर साधारण १ लाख लक्स प्रकाश पडतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा सुमारे ४०० लक्स उरतात. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की नागरी संधिप्रकाश संपतो. तेव्हा जेमतेम साडेतीन लक्स असतात. पौर्णिमेचा चंद्र पाव लक्सच्या आसपास देतो.

छायाचित्रणात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की ‘एक स्टॉप’ म्हणतात. ४०० वरून साडेतीनवर येणे म्हणजे सात वेळा निम्मे होणे, अर्थात सात स्टॉप. आता वेळ बघा. जबलपूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला, सुमारे २३ अंश १० कला उत्तर अक्षांशावर आहे. मार्चमध्ये इथला सूर्य बराच उभा खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यापासून ६ अंश खाली जायला त्याला २२-२३ मिनिटेच लागतात. लंडनला त्याच दिवसांत तो तिरका उतरतो आणि ३३ मिनिटे घेतो. म्हणून युरोपातल्या छायाचित्रकारांचे वेळेचे आडाखे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्याकडे अंधार घाईने पडतो.

सात स्टॉप आणि बावीस मिनिटे, म्हणजे सरासरी दर तीन मिनिटांना उजेड निम्मा. कॅमेऱ्याची चकती एका खटक्याला एक तृतीयांश स्टॉप सरकते. तेव्हा हाताने काम करायचे तर दर मिनिटाला एक खटका द्यायला हवा. मीही तेच ठरवले होते.

माझी चूक

छावणीच्या परिसरात ट्रायपॉड उभा करायचा तर आधी लेखी परवानगी लागते. ती मी घेतली होती. चौकटीत फक्त मैदान, ध्वजस्तंभ आणि पश्चिमेचे आकाश येईल असे बघितले. साडेपाचला सुरुवात केली, दर आठ सेकंदांना एक फोटो. सगळे मॅन्युअल. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता. सहापर्यंत काम छान चालले.

मग लक्षात आले की रिट्रीटची चार मिनिटे मी कॅमेऱ्याला हात लावू शकणार नाही. बिगूल वाजत असताना शिक्षिका ट्रायपॉडशी खुडबुड करते आहे, हे मला स्वतःलाच चालले नसते. चार मिनिटांत सव्वा स्टॉप उजेड जाणार, म्हणून मी आगाऊ शहाणपण केले. बिगुलाच्या आधीच शटर दोन स्टॉप हळू करून ठेवले आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

घरी येऊन संगणकावर बघितले तर ती चार मिनिटे पांढरी होती. सूर्य नुकताच टेकलेला, आकाश अजून उजळ, आणि मी त्याच्या चौपट प्रकाश आत घेत होते. आकाश जळून कोऱ्या कागदासारखे झाले होते. काळसर निघालेल्या फोटोतून पुष्कळदा तपशील वर काढता येतो. पण जे पांढरे होऊन गेले त्यात काही उरतच नाही. ध्वज खाली येताना दिसतच नव्हता. भरीस भर म्हणजे परत येऊन घाईने चकती फिरवताना माझा हात ट्रायपॉडला लागला आणि पुढची चौकट बोटभर सरकली.

दुसऱ्या दिवशी छंदवर्गात मी हे सांगितले. नववीतला एक मुलगा मागून उठला. त्याने क्लबचा दुसरा, जुना कॅमेरा वसतिगृहाच्या व्हरांड्यात लावला होता. त्याने कार्ड पुढे केले. दर दहा सेकंदांना एक फोटो होता, आणि कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर होता. चित्रफीत बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी लुकलुकत होती. पण ध्वज वरपासून खालपर्यंत दिसत होता, बिगूल ओठांना लावलेली आकृती दिसत होती आणि मागचे आकाश केशरी होते.

मी विचारले, “ऑटोवर का ठेवलास?”

तो म्हणाला, “मॅडम, मलाही सावधान उभं राहायचं होतं.”

फळा पुसायला मला त्यानंतर वर्षभर लागले. पण खरे म्हणजे तो त्याच क्षणी पुसला गेला होता.

ऑटो नेमके काय करतो?

कॅमेऱ्याने स्वतः प्रकाश मोजावा ही कल्पना आळशी माणसाची नाही. प्रकाशविद्युत परिणामाच्या स्पष्टीकरणासाठी १९२१ चे नोबेल मिळवणारे अल्बर्ट आइन्स्टाइन आणि त्यांचे डॉक्टर मित्र गुस्ताव बकी यांना १९३६ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळाले. उजेडानुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचे ते होते. पुढे १९३८ मध्ये कोडॅकने ‘सुपर सिक्स-२०’ हा ऑटो एक्स्पोजरचा कॅमेरा बाजारात आणला.

कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतला उजेड मोजतो आणि समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. त्याला दिवस, रात्र, ध्वज, नदी यांतले काही कळत नाही. त्याला फक्त एवढेच माहीत असते की सरासरी करडी आली पाहिजे. यातून दोन गोष्टी निघतात. एक, उजेड जसा उतरेल तसा तो न सांगता मागे मागे येतो. हे आपल्याला हवे आहे. दोन, त्याला मोकळे सोडले तर तो रात्रीलाही करडी करतो, म्हणजे रात्र दिवसासारखी उजळ दिसते. हे आपल्याला नको आहे.

तेव्हा ऑटो वापरायचे तर काय मोकळे सोडायचे आणि काय बांधून ठेवायचे, हे आपण आधी ठरवायला हवे. ते ठरवायला आम्ही या वर्षी पाच संध्याकाळ ग्वारीघाटावर घालवल्या. रिट्रीट वर्षातून एकदाच तशी असते. नर्मदेची आरती मात्र रोज असते, त्यामुळे चुका करायला तो घाट उत्तम. नदीच्या मधोमध मंदिर, पलीकडच्या काठावर गुरुद्वारा, मावळते आकाश आणि मग पाण्यावर सोडलेले दिवे. ऊन ते अंधार हा सगळा प्रवास एका चौकटीत मिळतो.

पाच संध्याकाळ, पाच चुका

पहिल्या दिवशी आम्ही सगळेच ऑटोवर सोडले. कॅमेऱ्याने रंगांचा समतोल दर काही फोटोंनी बदलला. नदी कधी निळी, कधी पिवळट. अंधार पडल्यावर फोकस भरकटला आणि अर्धे फोटो धूसर निघाले. धडा : व्हाइट बॅलन्स ‘ऊन’ या चिन्हावर पक्का ठेवा, म्हणजे संधिप्रकाश निळा आणि दिवे केशरी, जसे असतात तसे येतील. फोकस उजेडातच धरा आणि मग मॅन्युअल करून टाका.

दुसऱ्या दिवशी आरतीची मोठी दीपारती चौकटीच्या मध्यावर होती आणि मीटरही मधल्या भागावर होता. ज्योत वर गेली की चित्र काळे, खाली आली की उजळ. रिट्रीटला हेच पांढऱ्या पोशाखातल्या पथकामुळे झाले असते. धडा : मीटर पूर्ण चौकटीवर ठेवा, लेन्स रुंद घ्या आणि चौकटीत आकाशाला चांगला वाटा द्या. आकाश हळूहळू बदलते, माणसे एकदम बदलतात.

तिसऱ्या दिवशी चित्रफीत मध्येच काळवंडली. कारण सापडायला वेळ लागला. आमच्या पाठीमागे एका दुकानाचा दिवा लागला होता. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा भाग आपण डोळा लावतो त्या खिडकीजवळ असतो. एरवी आपल्या डोळ्यानेच ती खिडकी झाकली जाते. टाइमलॅप्समध्ये तिथे डोळा नसतो, मागचा उजेड आत शिरतो आणि मीटर फसतो. धडा : खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा. आरशाशिवायच्या नव्या कॅमेऱ्यांना आणि मोबाइलला हा त्रास नाही.

चौथ्या दिवशी सगळे नीट असूनही बारीक लुकलुक राहिलीच. आम्ही लेन्सचे तोंड एफ ८ वर ठेवले होते. लेन्समधली पाती दर फोटोला मिटतात आणि परत उघडतात. प्रत्येक वेळी ती केसाच्या अंतराने वेगळ्या जागी थांबतात. एका फोटोत हे दिसत नाही, पण शेकडो फोटो पळवले की डोळ्याला खुपते. धडा : तोंड पूर्ण उघडे ठेवा. आमच्या साध्या लेन्सवर ते एफ ३.५ होते. पाती हललीच नाहीत तर चुकणार कुठून?

पाचव्या दिवशी आम्ही दर दोन सेकंदांना फोटो लावला. सुरुवातीला ठीक होते. अंधार पडल्यावर एकेका फोटोलाच तीन सेकंद लागू लागले, आणि कॅमेऱ्याचे वेळापत्रक कोलमडले. धडा : दोन फोटोंतले अंतर शेवटच्या, सर्वांत लांब फोटोपेक्षा भरपूर मोठे हवे. हिशेब रात्रीवरून सुरू करा, दिवसावरून नाही.

अखेर ठरलेली मांडणी

१. कॅमेरा ॲपर्चर-प्रायॉरिटीवर, म्हणजे चकतीवरच्या ‘ए’ किंवा ‘एव्ही’ वर. तोंड एफ ३.५ वर पूर्ण उघडे.

२. आयएसओ ४०० वर पक्का. अशाने मोकळी राहते ती एकच गोष्ट : शटर. साडेपाचच्या उन्हात ते साधारण १/२५०० सेकंद असते, सातच्या अंधारात सुमारे ३ सेकंद. हा जवळजवळ १३ स्टॉपचा पल्ला एकटे शटर पार करते.

३. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन पहिल्यापासून उणे दोन तृतीयांश. आकाश जळत नाही आणि रात्रही थोडी रात्रीसारखी राहते. रिट्रीट संपल्यावर हात मोकळा झाला की एकेक खटका देत ते उणे दीडच्या आसपास न्यायचे. खटका देताना ट्रायपॉडला धक्का लागू द्यायचा नाही. नाही जमले तर उरलेले संगणकावर करता येते.

४. दर आठ सेकंदांना एक फोटो. साडेपाच ते सात म्हणजे ५,४०० सेकंद, म्हणजे ६७५ फोटो. सेकंदाला २५ या वेगाने २७ सेकंदांची चित्रफीत.

५. फोटो रॉ स्वरूपात. एकेक २५ एमबीचा धरला तर १७ जीबीच्या आसपास जागा लागते, तेव्हा कार्ड किमान ३२ जीबीचे. बॅटरी पूर्ण भरलेली.

६. लेन्समध्ये हादरा-रोधक असेल तर ट्रायपॉडवर तो बंद. ट्रायपॉडला मधोमध दगड भरलेली पिशवी टांगलेली. खिडकीवर चिकटपट्टी.

या मांडणीची किंमतही सांगायला हवी. १/२५०० सेकंदाच्या फोटोंत चालणारी माणसे कातरून चिकटवल्यासारखी तुटक दिसतात आणि तीन सेकंदांच्या फोटोंत तीच धुरासारखी फराटतात. ऑटोला हे दोन्ही एकसारखे करता येत नाही. शिवाय मीटरलाही तळ असतो. दिव्यांपासून दूर, चांदण्यांच्याच उजेडात जुने मीटर चाचपडू लागतात. तिथे मॅन्युअलच बरे, कारण पूर्ण अंधार पडल्यावर उजेड फारसा बदलतही नाही. मॅन्युअल शिकायचे नाही असे मी म्हणत नाही. वरच्या प्रत्येक ओळीमागे मॅन्युअलचेच ज्ञान आहे. फक्त ते बिगुलाच्या आधी वापरायचे आहे.

लुकलुक कशी घालवायची?

ऑटोचे शटर गुळगुळीत उतारावरून उतरत नाही, पायऱ्यांवरून उतरते. दर तीन मिनिटांना एक स्टॉप म्हणजे आठ सेकंदांच्या हिशेबाने २२-२३ फोटो, पडद्यावर एक सेकंदही नाही. तेवढ्यात कॅमेरा तीन पायऱ्या उतरतो, कधी एक पायरी परत चढतो. डोळ्याला तीच लुकलुक वाटते.

इलाज तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे : सरासरी. समजा, ओळीने पाच फोटोंचा सरासरी उजळपणा ११२, ११८, १०९, ११५, १११ असा आहे. बेरीज ५६५, सरासरी ११३. मधल्या फोटोचा उजळपणा १०९ वरून ११३ वर आणायचा. मग एक फोटो पुढे सरकायचे आणि पुन्हा पाचांची सरासरी काढायची. असे शेवटपर्यंत गेले की खाचखळगे भरून निघतात आणि संध्याकाळचा मूळ उतार तसाच राहतो. याला सरकती सरासरी म्हणतात. टाइमलॅप्सची सॉफ्टवेअरे ‘डीफ्लिकर’ नावाखाली असेच काहीतरी करतात. काही कॅमेऱ्यांत ‘एक्स्पोजर स्मूदिंग’ अशी सोयही असते. पण एकदा हाताने करून बघा, म्हणजे यंत्र काय करते ते कळेल.

नववीतल्या त्या मुलाच्या फोटोंवर आम्ही हेच केले. तीन रविवार लागले. माझ्या पांढऱ्या पडलेल्या फोटोंवर कितीही सरासरी काढली असती तरी आकाश परत आले नसते. त्याच्या लुकलुकत्या फोटोंत मात्र सगळे होते, फक्त वर-खाली झालेले. दुरुस्त होणारी चूक आणि दुरुस्त न होणारी चूक यांतला फरक मला त्या तीन रविवारी समजला. स्वयंचलित यंत्राकडून पहिल्या जातीच्या चुका बऱ्याच होतात. घाईतल्या हाताकडून दुसऱ्या जातीची एकच होते आणि ती पुरते.

ती चित्रफीत आम्ही बिगूल वाजवणाऱ्या कॅडेटला पाठवली. त्याने ती आईला दाखवली. चार मिनिटांच्या रिट्रीटचे दहा-दहा सेकंदांनी काढलेले २४ फोटो. पडद्यावर सेकंदही भरत नाही. आई म्हणाली म्हणे, “इतक्या लवकर उतरला? परत लाव.” टाइमलॅप्सला आवाज नसतो, त्यामुळे तिला मुलाचा बिगूल ऐकू आला नाही. तेवढे राहिले. पुढच्या वेळी आवाज वेगळा मुद्रित करून ठेवायचा, हे आता आपल्या यादीत आहे.

या वर्षीच्या रिट्रीटला कॅमेरा वरच्या मांडणीप्रमाणे लावला. सहा वाजता शेवटचे बघून घेतले : तोंड उघडे, आयएसओ पक्का, फोकस बंद, खिडकी झाकलेली. मग मी कॅमेऱ्यापासून दूर गेले आणि तुमच्या रांगेच्या टोकाला उभी राहिले. मागे दर आठ सेकंदांना बारीक ‘खट’ ऐकू येत होते. मग बिगूल सुरू झाला आणि तेही ऐकू येईनासे झाले. कितीतरी वर्षांनी मी ध्वज उतरताना पूर्ण पाहिला.

चित्रफितीत दोन ठिकाणी किंचित लुकलुक आहे. ती तशीच ठेवली आहे, शोधून काढा.

करून बघा

१. या आठवड्यात एका संध्याकाळी मोबाइलच्या लक्समापक ॲपने सूर्यास्तापासून दर तीन मिनिटांनी उजेड मोजा आणि आलेख काढा. खरोखर निम्मा होत जातो का? ढग असतील त्या दिवशी काय होते?

२. शेवटचा फोटो ६ सेकंदांचा असेल आणि कॅमेऱ्याला फोटो साठवायला २ सेकंद लागत असतील, तर दोन फोटोंत किमान किती अंतर ठेवाल? मग दोन तासांच्या चित्रणाची चित्रफीत किती सेकंदांची होईल?

३. या पाच आकड्यांची सरकती सरासरी काढून मधला फोटो दुरुस्त करा : ९८, ९१, १०३, ९५, ९३.

उत्तरे छंदवर्गाच्या पेटीत टाका. तिसऱ्याचे उत्तर ९६ येते. कसे आले ते लिहिलेले असले तरच गुण मिळतील.